छोट्या पक्षाच्या अध्यक्षाने मंत्री होऊ नये

आघाडीच्या राजकारणात छोट्या पक्षाची खरी अवस्था जागावाटपाच्या वेळी उघडी पडते. मोठा पक्ष अशा वेळी समोरच्या पक्षाचा कार्यक्रम, त्याची जिल्हा संघटना किंवा त्याचे ठराव यांचा फारसा विचार करीत नाही. तो एका माणसाचा विचार करतो. त्या माणसाला विधान परिषद हवी आहे, एखादे महामंडळ हवे आहे की राज्यमंत्रिपदावर त्याचे समाधान होईल, याचा अंदाज आला की बाकीच्या मागण्या आपोआप मवाळ होतात, हे वाटाघाटींच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. दहा जागांची मागणी घेऊन गेलेला नेता दोन जागा आणि एक मंत्रिपद घेऊन परततो, आणि पक्षाला न्याय मिळाला असे जाहीर करतो. पक्षाला काय मिळाले हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्याला असायला हवा, तो अध्यक्ष आणि ज्याला मिळाले तो लाभार्थी, ही एकच व्यक्ती असल्यामुळे तो प्रश्न विचारलाच जात नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, जो पक्ष स्वबळावर सरकार बनवू शकत नाही आणि नजीकच्या काळात बनवण्याची शक्यताही नाही, अशा पक्षाच्या संघटनेचे नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीने आघाडीच्या सरकारात मंत्रिपद स्वीकारू नये, आणि हे बंधन त्या व्यक्तीच्या सद्सद्विवेकावर न सोडता पक्षाच्या घटनेत लिहिलेले असावे. मोठ्या पक्षांना हा नियम लावण्याची गरज मला वाटत नाही. तिथे अध्यक्ष पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री झाला, तर पक्षाचा कार्यक्रम आणि सरकारचा कार्यक्रम बऱ्याच अंशी एकच होतो. छोट्या पक्षाचा मंत्री मात्र दुसऱ्याच्या सरकारात बसतो. त्या सरकारच्या निर्णयांची सामूहिक जबाबदारी त्याच्यावर येते, म्हणजे जो निर्णय त्याच्या पक्षाच्या मुळावर उठणारा आहे त्याचेही समर्थन त्याला जाहीरपणे करावे लागते, निदान गप्प तरी बसावे लागते. अध्यक्षाचे काम याच्या नेमके उलट असते. आपला पक्ष त्या सरकारपासून कुठे वेगळा आहे हे सतत सांगत राहणे, हा त्याच्या पदाचा गाभा आहे. ही दोन कामे एका माणसाने एकाच दिवशी करायची ठरवली तर तो एकतर वाईट मंत्री होईल किंवा वाईट अध्यक्ष, आणि अनुभव असा आहे की मंत्रिपद सहसा जिंकते.

महाराष्ट्राला हे समजावून सांगण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संकल्पनेतून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्याच्यामागे एक घडवलेला विचार होता आणि खेड्यापाड्यांत पसरलेला निष्ठावान कार्यकर्ता होता. अनेक छोट्या पक्षांना ज्याचे स्वप्नही पडणार नाही असे भांडवल घेऊन हा पक्ष निघाला, आणि तरीही काही वर्षांतच तो गटांमध्ये विभागला गेला. ऐक्याचे प्रयत्न वारंवार झाले. त्यांतला सर्वांत यशस्वी क्षण १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत आला. काँग्रेसबरोबरच्या समझोत्यात अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले असे चौघे निवडून आले, आणि तेही राखीव नसलेल्या मतदारसंघांतून. या यशाचे कौतुक आजही केले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या यादीकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहिले तर लक्षात येते की, निवडून आलेले चारही जण आपापल्या गटांचे नेते होते. वाटाघाटी करणारे, उमेदवार ठरवणारे आणि उमेदवार असणारे, सगळे तेच. पुढच्याच वर्षी, १९९९ च्या निवडणुकीत, हे ऐक्य शिल्लक नव्हते.

या फुटीची कारणे सांगताना व्यक्तींचे अहंकार, मोठ्या पक्षांचे फोडाफोडीचे डाव आणि जातीअंतर्गत ताणतणाव यांचा उल्लेख नेहमी होतो. ती कारणे खोटी नाहीत. मात्र मला त्याहून साधे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या पक्षात सत्तेच्या सर्व संधी अध्यक्षपदातूनच वाटल्या जातात, त्या पक्षातल्या प्रत्येक कर्तबगार माणसाला स्वतःचा पक्ष काढणे हाच उन्नतीचा एकमेव मार्ग उरतो. दुसऱ्या फळीतल्या नेत्याने दहा वर्षे निष्ठेने काम केले तरी पक्षाच्या वाट्याला येणारे एकमेव मंत्रिपद अध्यक्षालाच जाणार असेल, तर तो स्वतःचा गट काढतो, त्याच्या नावापुढे कंसात आपले नाव लावतो आणि पुढच्या निवडणुकीत मोठ्या पक्षाशी थेट बोलू लागतो. कंसातल्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पक्षांची आपल्याकडे जी गर्दी झाली आहे, तिच्यामागे हा हिशेब आहे. याला केवळ स्वार्थ म्हणून मोकळे होता येणार नाही, कारण पक्षाची रचनाच त्याला दुसरी वाट ठेवत नाही.

जर्मनीतील ग्रीन पक्षाने हा प्रश्न जन्मापासूनच हाताशी घेतला, म्हणून त्याचा अनुभव तपशिलाने पाहण्यासारखा आहे. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाने पक्षातील पद आणि लोकप्रतिनिधित्व एका व्यक्तीकडे असू नये असा दंडक घातला. सुरुवातीला तर त्याचा अतिरेकही झाला. १९८३ मध्ये पक्ष पहिल्यांदा संसदेत गेला तेव्हा खासदारांनी कार्यकाळाच्या मध्यावर राजीनामा देऊन पुढच्या माणसाला जागा द्यावी, असा फिरता नियम करण्यात आला, आणि त्याचे व्हायचे तेच झाले: काम शिकलेली माणसे काम शिकताच घरी पाठवली गेली, कटुता वाढली आणि तो नियम सोडून द्यावा लागला. पक्षपद आणि लोकप्रतिनिधित्व वेगळे ठेवण्याचा नियमही पुढे बराच सैल झाला. परंतु मंत्रिपद आणि पक्षाध्यक्षपद एकत्र येऊ न देण्याचा आग्रह टिकला. योश्का फिशर १९९८ पासून सात वर्षे परराष्ट्रमंत्री आणि उपचॅन्सेलर होते, पक्षाचा सर्वांत लोकप्रिय चेहरा होते, आणि तरीही ते औपचारिकरीत्या पक्षाध्यक्ष कधीच नव्हते.

याचा उपयोग काय झाला, हे १९९९ च्या वसंतात दिसले. कोसोव्होच्या युद्धात जर्मनी सामील झाला आणि शांततावादी चळवळीतून जन्मलेल्या पक्षाचाच परराष्ट्रमंत्री त्या निर्णयाचा प्रमुख समर्थक होता. मे महिन्यात बीलेफेल्ड येथे पक्षाचे विशेष अधिवेशन भरले. तिथे फिशर यांच्या अंगावर लाल रंगाने भरलेली पिशवी फेकण्यात आली, जी त्यांच्या कानावर आदळली. तशा अवस्थेत उभे राहून त्यांना आपल्याच प्रतिनिधींपुढे युक्तिवाद करावा लागला, आणि अधिवेशनाने अखेर युद्ध बिनशर्त थांबवण्याची मागणी न करता एक मधला ठराव स्वीकारला. त्यांची भूमिका बरोबर होती की चूक, हा वेगळा वाद आहे. मुद्दा असा की मंत्र्याला पक्षापुढे उत्तर द्यायला यावे लागले, कारण पक्ष त्याच्या खिशात नव्हता. कितीतरी सदस्य त्यानंतर पक्ष सोडून गेले, परंतु पक्ष म्हणून तो फुटला नाही. १९९८ मध्ये ६.७ टक्के मते घेऊन सत्तेत गेलेल्या या पक्षाने सत्तेची सात वर्षे संपताना, २००५ मध्ये, ८.१ टक्के मते घेतली. आघाडीतल्या कनिष्ठ भागीदाराच्या बाबतीत असे क्वचितच घडते.

त्याच देशातील फ्री डेमोक्रॅटिक पक्षाची वाट नेमकी दुसरी होती. २००९ मध्ये १४.६ टक्के मते मिळवून तो सत्तेत गेला; पक्षाध्यक्ष गीडो वेस्टरवेले उपचॅन्सेलर आणि परराष्ट्रमंत्री झाले, आणि २०११ मध्ये त्यांच्या जागी आलेले अध्यक्षही मंत्रिमंडळातच होते. २०१३ मध्ये पक्ष ४.८ टक्क्यांवर आला आणि पाच टक्क्यांच्या अटीमुळे संसदेबाहेर फेकला गेला. त्यानंतर ख्रिस्तियान लिंडनर यांनी केंद्रातल्या कोणत्याही सत्तापदाशिवाय चार वर्षे पक्षाची उभारणी केली आणि २०१७ मध्ये १०.७ टक्के मते मिळवून तो परत आणला. हेच लिंडनर २०२१ मध्ये पक्षाध्यक्ष असतानाच अर्थमंत्री झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांना मंत्रिपदावरून दूर करण्यात आले, आणि २०२५ च्या निवडणुकीत पक्ष ४.३ टक्क्यांवर येऊन पुन्हा संसदेबाहेर गेला. त्याच सरकारात सामील होताना ग्रीन पक्षाच्या दोन्ही अध्यक्षांनी, आनालेना बेअरबॉक आणि रॉबर्ट हाबेक यांनी, मंत्री झाल्यावर पक्षपदे सोडली होती. त्यांचाही पक्ष २०२५ मध्ये घसरला, पण कोसळला नाही.

यावरून एकच नियम सर्व काही ठरवतो असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. दोन्ही पक्षांचे मतदार वेगळे आहेत. शिवाय याच फ्री डेमोक्रॅटिक पक्षाचे हान्स-डीट्रिश गेन्शर १९७४ ते १९८५ अशी अकरा वर्षे एकाच वेळी पक्षाध्यक्ष आणि परराष्ट्रमंत्री होते आणि पक्ष टिकून होता. तेव्हा दोन मोठ्या पक्षांच्या मध्ये उभ्या असलेल्या एकमेव पक्षाला जे परवडत होते, ते आजच्या गर्दीत परवडत नाही, असे माझे मत आहे. पण हा अपवाद लपवून माझा मुद्दा बळकट होणार नाही.

ब्रिटनचे उदाहरण आणखी एक बारकावा पुढे आणते. लिबरल डेमोक्रॅट पक्षात संसदीय नेता आणि पक्षाचा अध्यक्ष ही पदे वेगळी असतात. तरीही २०१० मध्ये ५७ जागा घेऊन आघाडीत गेलेला हा पक्ष २०१५ मध्ये ८ जागांवर आला. विद्यापीठांचे शुल्क वाढवू देणार नाही, अशी लेखी हमी त्याच्या उमेदवारांनी निवडणुकीआधी दिली होती. सत्तेत येताच कमाल शुल्क ९,००० पौंडांपर्यंत नेणाऱ्या प्रस्तावाला उपपंतप्रधान आणि पक्षनेते निक क्लेग यांनी पाठिंबा दिला, आणि त्यांच्याच २१ खासदारांनी विरोधी मतदान केले. पक्षाचे अध्यक्ष म्हणून २०११ पासून टिम फॅरन सरकारबाहेर होते. पण खरी सूत्रे नेत्याकडे होती आणि नेता मंत्रिमंडळात होता. नामधारी अध्यक्ष बाहेर ठेवून आणि खरा अधिकार मंत्रिमंडळात नेऊन हे दुखणे बरे होत नाही. आघाडीत राहायचे की बाहेर पडायचे, हा निर्णय घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो बाहेर असला पाहिजे.

आपल्याकडे तर पदे वेगळी करण्याची एक खास तऱ्हाही आहे. केंद्रीय मंत्री असलेल्या रामविलास पासवान यांनी २०१९ मध्ये लोक जनशक्ती पक्षाचे अध्यक्षपद सोडले, ते मुलाकडे देऊन. कागदावर मंत्री वेगळा आणि अध्यक्ष वेगळा झाला, घर मात्र एकच राहिले. वडिलांच्या निधनानंतर जून २०२१ मध्ये पक्षाच्या सहापैकी पाच खासदारांनी चिराग पासवान यांना बाजूला सारले. बंड करणारे काका पशुपतिकुमार पारस पुढच्याच महिन्यात केंद्रात मंत्री झाले. पुढची तीन वर्षे मंत्रिपदाविना काढून चिराग यांनी आपला गट उभा केला आणि २०२४ मध्ये लढवलेल्या पाचही जागा जिंकल्या, हे लिंडनर यांच्या पहिल्या पर्वाशी मिळतेजुळते आहे. त्यानंतर ते अध्यक्ष राहूनच मंत्री झाले, हे दुसऱ्या पर्वाशी.

छोट्या पक्षाच्या नेतृत्वावर भारतात आणखी एक दडपण आहे, आणि ते कायद्यातून आलेले आहे. राज्यघटनेच्या पक्षांतरबंदीविषयक दहाव्या परिशिष्टात २००३ च्या दुरुस्तीने फुटीची सवलत काढून टाकल्यानंतर विलीनीकरणाची वाट उरली, आणि त्यासाठी विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. मोठ्या पक्षात हा आकडा गाठणे अवघड असते. छोट्या पक्षात तीन आमदार असतील तर दोघे पुरतात आणि एकच असेल तर तो स्वतःच संपूर्ण विधिमंडळ पक्ष असतो. २०१९ मध्ये राजस्थानात बहुजन समाज पक्षाचे सहाच्या सहा आमदार काँग्रेसमध्ये गेले. २०२१ मध्ये बिहारमध्ये याच पक्षाचा एकमेव आमदार आणि लोक जनशक्ती पक्षाचाही एकमेव आमदार संयुक्त जनता दलात दाखल झाले. दुसरीकडे, मित्रपक्षाच्या चिन्हावर निवडणूक लढवलेला उमेदवार जिंकला की कायद्याच्या दृष्टीने तो त्या मोठ्या पक्षाचाच सदस्य ठरतो आणि त्यालाच मोठ्या पक्षाचा पक्षादेश लागू होतो. दौंडचे राहुल कुल २०१४ मध्ये राष्ट्रीय समाज पक्षाचे आमदार म्हणून निवडून आले आणि २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या कमळ चिन्हावर. राष्ट्रीय समाज पक्षाचे अध्यक्ष महादेव जानकर मधल्या काळात मंत्री होते. ज्या सरकारात आपण मंत्री आहोत त्याच सरकारच्या प्रमुख पक्षाशी, आपला उमेदवार आपल्याच चिन्हावर लढेल असा आग्रह धरून भांडायचे, आणि ते भांडण तुटेपर्यंत ताणायचे, हे कोणत्याही मंत्र्याला किती शक्य आहे, याचा विचार वाचकाने करावा. चिन्ह हे छोट्या पक्षाचे अस्तित्व असते. मान्यता मिळण्यासाठी मोजली जाणारी मते आणि जागा त्या चिन्हाच्या खात्यावरच पडतात. ते सोडण्याचा निर्णय मंत्र्याने घेऊ नये, कारण त्या निर्णयात त्याचे हितसंबंध गुंतलेले असतात.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र महाराष्ट्रातूनच येतो. जुलै २०१६ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले आणि संघटनेचे सर्वोच्च नेते राजू शेट्टी सरकारबाहेर राहिले. मी सुचवतो आहे तसेच, असे वरवर दिसते. पण २०१७ चा शेतकरी संप आला, मंत्री सरकारची बाजू मांडू लागले, नेते आंदोलकांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खोत यांची संघटनेतून हकालपट्टी झाली आणि पुढे त्यांनी वेगळी संघटना काढली. पदे वेगळी केली की पक्ष फुटतो, असा धडा अनेकांनी यातून घेतला आणि अध्यक्षानेच मंत्री व्हावे हे बरे, असे मानले.

हा धडा मला उलटा वाटतो. तेव्हा संघटना फुटली खरी; पण शेतकऱ्यांच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध बोलायला संघटनेचा नेता मोकळा होता, म्हणून संघटनेची भूमिका जिवंत राहिली. तोच मंत्री असता तर फूट टळली असती आणि भूमिका गेली असती. उणीव होती ती दुसऱ्याच गोष्टीची. मंत्र्याने पक्षाच्या कार्यकारिणीपुढे किती दिवसांनी यायचे, कोणत्या विषयांवर त्याला सरकारशी सहमत होण्याची मुभा आहे, कोणत्या विषयावर राजीनामा दिलाच पाहिजे, आणि तो निर्णय कोणत्या बहुमताने घ्यायचा, याची लेखी चौकट नव्हती. मग मतभेद हे दोन संस्थांमधील मतभेद न राहता दोन माणसांमधील भांडण होते, आणि अशा भांडणात कार्यकर्त्याला मुद्द्याऐवजी माणूस निवडावा लागतो.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो सिद्धांताच्या चर्चेत सहसा टाळला जातो. मंत्रिपदाबरोबर कार्यालय येते, गाडी येते, स्वीय सहायक येतात, जिल्ह्याजिल्ह्यांत फिरण्याची सोय होते. ज्या पक्षाला साधे कार्यालयाचे भाडे देताना नाकी नऊ येतात, त्याच्या अध्यक्षाने या सोयी नाकाराव्यात, असे सांगणे सोपे आहे. सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्यालाही आपला नेता सरकारी गाडीतून उतरलेला पाहायचा असतो. ते त्याच्या मानाचे असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मान मिळाला नाही त्यांच्या बाबतीत त्याची टवाळी करण्याचा कुणाला अधिकार नाही. म्हणूनच पक्षाच्या माणसाने मंत्री होऊ नये असे मी म्हणत नाही. तो जरूर व्हावा. फक्त तो अध्यक्ष नसावा. पैशाच्या प्रश्नाला डाव्या पक्षांनी एक उत्तर शोधलेले आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लोकप्रतिनिधी आपल्या मानधनातील ठरावीक वाटा पक्षाला देतात आणि पूर्णवेळ कार्यकर्त्याला पक्षाकडून मानधन मिळते. जर्मन ग्रीन पक्षही आपल्या लोकप्रतिनिधींकडून अशी वर्गणी घेतो. अध्यक्षाचा निर्वाह पक्षाच्या तिजोरीतून, उघड हिशेबाने चालला पाहिजे. ज्या अध्यक्षाचे घर मित्रपक्षाच्या मेहेरबानीवर चालते, त्याच्याकडून त्या मित्रपक्षाशी ताठ मानेने बोलण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

हा नियम करायचा तर तो सत्तेची चाहूल लागण्याआधी करावा लागतो. मंत्रिपदाची यादी तयार होत असताना मांडलेली अशी दुरुस्ती कुणातरी विशिष्ट माणसाविरुद्धचा डाव समजली जाते, आणि बहुतेक वेळा ती तशी असतेही. निवडणुकीला तीन-चार वर्षे अवकाश असताना, पक्षाकडे काहीच नसताना, अधिवेशनात ती मंजूर होणे तुलनेने सोपे असते. त्याबरोबर आघाडीत सामील होण्याचा करार अधिवेशनापुढे ठेवण्याचे बंधनही असावे, नाहीतर अध्यक्ष बाहेर राहूनही सगळा व्यवहार बंद खोलीत करून मोकळा होईल.

काही पक्षांचे नेते खासगीत सांगतात की, हे सर्व पटते, पण आमच्याकडे अध्यक्ष होण्याजोगा दुसरा माणूसच नाही. अनेकदा हे खरे असते. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या पक्षात दुसरा माणूस तयार झाला नसेल, तर तो का झाला नाही याचे उत्तर त्या नेत्याला इतर कुणापेक्षा जास्त ठाऊक असते. अशा नेत्याने अपक्ष म्हणून निवडणूक लढवावी, जिंकल्यास हव्या त्या सरकारला पाठिंबा द्यावा आणि मिळेल ते पद घ्यावे. त्यात गैर काहीच नाही आणि मतदारालाही आपण एका व्यक्तीला मत देत आहोत हे स्पष्ट कळते. पक्षाचे नाव, झेंडा, जिल्हाध्यक्षांच्या नेमणुका आणि वर्गणीची पावतीपुस्तके मात्र मग त्याने बाळगू नयेत, कारण त्या पावतीवर पैसे देणारा माणूस एका संघटनेला पैसे देत असतो.